झालरवाला फ्रीज

आमचा नवा फ्रीज पक्का नाटक्या होता. मेकॅनिक घरात पाऊल टाकायचा तेव्हा हा असा थंडगार, असा शिस्तीत, की बघणाऱ्याला वाटावं या घरात फ्रीज तेवढा शहाणा आणि माणसंच बिघडलेली आहेत. मेकॅनिकची पाठ वळली, मध्ये दोन-चार दिवस गेले, की दूध नासलंच म्हणून समजा. बर्फाच्या ट्रेमध्ये नुसतं पाणी, लोणी वितळून बशीभर पसरलेलं, आणि काकड्या इतक्या मऊ की सुरी लावायच्या आधीच मान टाकायच्या.

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी नवल करायला नको. त्यात मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी शांत आवाजात म्हणते, "तुमची तक्रार पुढे पाठवली आहे." त्यामुळे फ्रीजच्या कंपनीतली ती गोड आवाजाची मुलगी फोनवर जेव्हा मला म्हणाली, "मॅडम, तुमची तक्रार आम्ही पुढे पाठवली आहे," तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं, तू मला शिकवतेस? पुढे म्हणजे कुठे, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार!

पण फ्रीजचं सांगायचं तर आधी आईंच्या हाताचं सांगायला हवं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. छोटाच होता, पण उजवा हात आणि तोंड दोन्ही घेऊन गेला. तोंड लवकर सुधारलं. ते बरं झालं की वाईट, यावर मी मत देत नाही. हात मात्र सुधारेना. कोणी तरी सांभाळायला दिलेली वस्तू ठेवावी तसा त्या तो मांडीवर ठेवून खिडकीशी बसायच्या. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. आईंनी तो फळीवर ठेवून दिला. म्हणाल्या, "चेंडूशी खेळायला मी काय मांजर आहे?"

व्यायामवाल्या बाईंनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, "हात चालता ठेवा. काहीही करा, पण चालता ठेवा. आत्ता बसला तर कायमचा बसेल." त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. आईंचं आणि माझं लग्नापासून एक दिवस पटलेलं नाही, पण भांडायला समोर माणूस धडधाकट लागतो हो. एका हाताच्या माणसाशी काय भांडायचं!

अशात जुना फ्रीज गेला आणि नवा आला. माणसांनी तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेऊन भिंतीशी उभा केला. उंच, पांढरा, गुळगुळीत. आम्ही कौतुकाने बघतोय, तर आई खुर्चीतून म्हणाल्या, "हा असा उघडाच ठेवणार का?"

आमच्या घरात उघडं काही नसतं. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, पाण्याच्या फिल्टरला टोपी. सगळं आईंच्या हातचं. माझा नवरा म्हणतो, या घरात उघडं फक्त माझ्या बायकोचं तोंड. तर फ्रीजला उघडं बघून आईंच्या जिवाची घालमेल झाली. दोन दिवस त्या त्याच्याकडे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माझी क्रोशाची सुई कुठे आहे?"

मी आणि नवरा एकमेकांकडे बघतच राहिलो. मी धावत जाऊन सुई आणली. लोकर नव्हती, तर नवऱ्याचे दोन जुने स्वेटर उसवले. तो बिचारा म्हणाला, "या घरात माझ्यापेक्षा फ्रीजला जास्त थंडी वाजते." पण म्हणताना त्याचा चेहरा फुलला होता.

सुरुवातीला काय हाल! सुई त्या बोटांत ठरायची नाही. घसरायची आणि टणकन फरशीवर पडायची. आईंनी "पडली" म्हटलं की आम्ही घरात असू तिथून धावायचो. टाके तर असे यायचे की एक मोठा, एक छोटा, एक गायबच. पहिल्या ओळी बघून भूकंपात विणलंय असं वाटलं असतं. पण आम्ही काय म्हणावं? "वा आई, काय सुबक! काय हात आहे!" नवऱ्याने तर डोळे पुसून दाखवले. हळूहळू ओळी वाढल्या. सुई पडायची कमी झाली. व्यायामवाल्या बाई बोटं उलगडून बघायच्या आणि मला डोळ्यांनी खूण करायच्या, थांबू देऊ नका.

शेवटी कव्हर झालं. निळं, तपकिरी, मध्येच एक पिवळा पट्टा. डोकं, दोन्ही बाजू आणि पाठ, सगळं झाकणारं, थेट फरशीपर्यंत. समोरचं दार तेवढं मोकळं. आईंनी ते चढवलं, दोन पावलं मागे सरल्या आणि म्हणाल्या, "आता कसा घरातला वाटतोय." त्या दिवसापासून त्या कव्हराला झालर लावायला बसल्या. झालर लावून झाली की तिच्यावर गोंडे, गोंड्यांवर मणी, असा पुढचा बेतही ठरलेला होता.

आणि आठवडाभरात दूध नासलं.

मी फोन लावला. गोड आवाजवालीने उद्या सकाळी मेकॅनिक येईल असं सांगितलं. मी घरभर ओरडले, "उद्या मेकॅनिक येतोय!" झालं, आईंची धांदल. "त्याचे काळे हात माझ्या लोकरीला नकोत." लगेच कव्हर उतरवलं, साबणाच्या पाण्यात बुडवलं, आणि संध्याकाळी गॅलरीत दोरीवर लटकवलं. सकाळी मेकॅनिक आला. उंच, सडपातळ, खांद्याला हत्यारांची पिशवी. त्याने फ्रीज उघडला, आत थर्मामीटर ठेवला, मागे टॉर्च मारला, मोटरला कान लावला. मग सरळ उभा राहून म्हणाला, "ऑल ओके आहे मॅडम."

"ओके कसं? काल दूध नासलंय!"

"दुधाचं मी सांगू शकत नाही. फ्रीज ओके आहे."

मी दार उघडलं. आतून थंड वाफ माझ्याच तोंडावर आली. बर्फ तर असा झालेला की ट्रे निघेना! मेल्या फ्रीजने माझं नाक कापलं.

"तुम्ही गरम भांडी आत ठेवता का?" ऑलओकेने विचारलं. त्याचं नाव तेव्हापासून आमच्याकडे ऑलओकेच पडलं.

"मी? गरम भांडी?" मी म्हणाले. "या घरात माझ्याकडून अशी चूक आजवर झालेली नाही आणि होणार नाही."

आतल्या खोलीतून आईंचं खोकणं ऐकू आलं. ते खोकणं नव्हतं, मला चांगलं माहीत आहे.

कव्हर वाळायला दोन दिवस लागले. वाळल्यावर आईंनी ते पुन्हा फ्रीजला चढवलं, आणि पाठोपाठ लोणी वितळलं. पुन्हा फोन, पुन्हा "उद्या येतील मॅडम", पुन्हा आईंची बादली आणि साबण, पुन्हा ऑलओके, पुन्हा बर्फच बर्फ. या वेळी तो हात धुवायला गॅलरीतल्या नळाशी गेला आणि येताना दोरीवरच्या ओल्या कव्हराखालून वाकून आला. म्हणाला, "चादर छान आहे मॅडम. घरी विणली का?"

"चादर गेली खड्ड्यात!" मी म्हणाले. "तुम्ही फ्रीज बघा!"

त्याने पिशवी खांद्याला लावली. जाताना त्याने मोबाइलवर काहीतरी टिपलं आणि संध्याकाळी मला कंपनीचा मेसेज आला, की आपल्या उपकरणात दोष आढळला नाही, तक्रार बंद करण्यात येत आहे. बंद! माझी तक्रार! आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारी बंद करणाऱ्या बाईची तक्रार बंद! मी फोनवर त्या मुलीला असं काही झापलं की तिचा गोड आवाज पहिल्यांदा नुसता आवाज झाला. कोर्टात खेचेन म्हणाले. ग्राहक मंचात नेईन म्हणाले. ती म्हणाली, "मॅडम, तुमची तक्रार पुढे..." मी फोन ठेवला.

रात्रीच्या जेवणाला नवरा म्हणाला, "मला वाटतं त्याला कळतं."

"कोणाला?"

"फ्रीजला. तू त्याच्यासमोर उभी राहून फोन करतेस, उद्या मेकॅनिक पाठवा म्हणून ओरडतेस. तो ऐकतो आणि सुधारतो. आमच्या साहेबांची तपासणी असली की आम्हीही असेच सुधारतो."

थट्टाच होती, पण माझ्या डोक्यात बसली. मी ऑलओकेला कार्यालयातून फोन केला, तोही खिडकी बंद करून. म्हटलं, "परवा माझी सुट्टी आहे, त्या दिवशी या. पण आधी कळवायचं नाही. फोन नाही, मेसेज नाही. मला तो रंगेहाथ पकडायचाय."

"मॅडम, न कळवता गेलो तर लोक आमची तक्रार करतात."

"मी करणार नाही. शब्द आहे माझा."

घरी मी कोणालाच काही बोलले नाही. नवऱ्याला नाही, आईंना नाही, आणि फ्रीजला तर नाहीच.

सुट्टीच्या सकाळी मी ओटा पुसत होते. चमचा हातातून निसटला आणि फ्रीज आणि भिंत यांच्या फटीत गेला. मी वाकले, झालर वर केली, कव्हराखालून हात आत सरकवला आणि "आई गं!" म्हणून बाहेर काढला. फ्रीजची कूस इस्त्रीसारखी तापली होती. मी दुसऱ्या बाजूने हात घातला. तिथेही तेच. मागे मोटर दमेकऱ्यासारखी घरघरत होती.

मी तशीच फरशीवर बसले. थंडी आत राहायची तर गरमी बाहेर पडायला नको का? आणि इथे दोन स्वेटरांची जाड लोकर, वर झालर. दोन्ही वेळा ऑलओके आला तेव्हा हे कव्हर कुठे होतं? गॅलरीत, दोरीवर. रात्रभर उघडा राहून फ्रीज बरा व्हायचा, सकाळी ऑलओके येऊन "ओके" म्हणायचा, आणि आम्ही कव्हर वाळवून पुन्हा त्याचा गळा दाबायचो. मी मात्र कंपनीला कोर्टात खेचायला निघाले होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

पण खरं सांगते, मला स्वतःची लाज वाटायच्याही आधी आठवण झाली ती आईंची. खिडकीशी बसून त्या झालरीची पुढची पट्टी विणत होत्या. उजव्या हाताने. तोंडाने काहीतरी पुटपुटत टाके मोजत होत्या. यांना कसं सांगायचं, की तुमच्या हाताने केलेल्या पहिल्याच कामाने नवा फ्रीज आजारी पाडला?

मी बाथरूममध्ये जाऊन नवऱ्याला फोन केला आणि कुजबुजत सगळं सांगितलं.

"आईला सांगू नकोस," तो लगेच म्हणाला. "ती सुई टाकेल. पुन्हा हात लावणार नाही. तू तिला ओळखतेस."

"मग फ्रीजचं काय?"

"मरू दे फ्रीज."

मी बाहेर आले. चेहरा गोड केला. ते मला जमत नाही, गाल दुखतात. आईंच्या शेजारी बसून म्हणाले, "आई, हे कव्हर इतकं सुंदर झालंय, फ्रीजवर वाया जातंय हो. माझ्या पलंगावर घालू का?"

आईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुला बरं नाहीये का?"

"नाही, म्हणजे, कौतुक वाटलं म्हणून..."

"फ्रीजसाठी केलंय, फ्रीजवरच राहील."

आणि दारावरची बेल वाजली.

आज आपण कोणाला बोलावलंय हे मला तेव्हा आठवलं. दार उघडलं तर ऑलओके, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर हसू. "मॅडम, तुम्ही सांगितलं तसं न कळवता आलो. आज पकडू त्याला."

"कोणी बोलावलं तुम्हाला?" मी दबक्या आवाजात म्हणाले. "ऑल ओके आहे. जा."

"काय?"

"फ्रीज ओके आहे. एकदम ओके. या आता."

"अहो, पण तुम्ही कोर्टात..."

"कोण आहे गं?" आतून आईंचा आवाज. आणि सुई, लोकर सांभाळत त्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "अगं बाई, मेकॅनिक! आधी सांगायचं नाही का? मी कव्हर काढून ठेवलं असतं!"

ऑलओके तोवर आत आलेला. त्याने फ्रीजकडे बघितलं. निळा, तपकिरी, मध्ये पिवळा पट्टा, खाली झालर. त्याने गॅलरीतल्या रिकाम्या दोरीकडे बघितलं. मग पुन्हा फ्रीजकडे. त्याचं तोंड उघडायला लागलं.

"अरे देवा, ही तर ती चा..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. जोरात.

"माझी चूक आहे!" मी ओरडले. "सगळी माझी चूक आहे! मी गरम भांडी ठेवते. उकळतं दूध ठेवते, पातेल्यासकट! दार उघडं टाकून फोनवर बोलत बसते! तुम्ही पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं, मीच खोटं बोलले. मला माफ करा!"

ऑलओके पाय चोळत माझ्याकडे बघत राहिला. पलीकडे आई खुर्ची ओढून बसल्या. माझी खात्री होती, आता या मजेत ऐकणार, संध्याकाळी मुलाला रंगवून सांगणार, शेजारणीला बोलावून सांगणार. आयुष्यभर वाट बघितलेला दिवस आज त्यांच्या दाराशी आला होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू येईना. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"तुम्ही सांगा हो," त्या ऑलओकेला म्हणाल्या. "इतक्या वर्षांत माझ्या या सुनेने एकदाही चूक कबूल केलेली नाही. भाजी करपली तर गॅसची चूक, ताट पडलं तर ताटाची. ती आज माफी मागतेय, म्हणजे काहीतरी भयंकर झालंय आणि ते माझ्यापासून लपवतेय. काय झालंय?"

ऑलओकेने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी विनवलं. पण आजवर फक्त खरं तेच टिपत आलेला माणूस तो, खोटं बोलायचं कसं हे त्याला सुचेना.

"आजी," तो अगदी हळू म्हणाला, "ओके नाहीये." त्याने झालरीचं टोक उचललं. "याच्या अंगातली गरमी दोन्ही बाजूंनी बाहेर पडते. त्याला मोकळी हवा लागते. हे लोकरीचं आहे ना. फार छान आहे. पण याने तो गुदमरतो."

आईंच्या हातातली सुई घसरली आणि टणकन फरशीवर पडली. "पडली" सुद्धा त्या म्हणाल्या नाहीत. मी उचलायला वाकले तर म्हणाल्या, "राहू दे."

झालं. संपलं. मला व्यायामवाल्या बाईंचा चेहरा दिसला, आणि खिडकीशी मांडीवर ठेवलेला तो हात दिसला, आणि मला रडू फुटलं. मी रडते तेव्हाही ओरडतेच. "फ्रीज गेला उडत!" मी म्हणाले. "दूध रोज ताजं आणू! मी आणेन, पहाटे उठून आणेन! फ्रीजमध्ये कपडे ठेवू! पण कव्हर राहणार! मला फ्रीज नकोय आई, मला तुमचा हात पाहिजे!"

"वेडी आहेस का?" आई म्हणाल्या. "एवढा नवा फ्रीज!" आणि ऑलओकेला म्हणाल्या, "काढा हो ते कव्हर. हात धुतलेत ना?"

त्याने हात पँटला पुसले, मग आईंचा चेहरा बघून नळाशी जाऊन धुतले, आणि कव्हर उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवलं. आईंनी झालरीचं टोक शोधलं, गाठ सोडली आणि दोरा ओढला. सर्र करून एक ओळ उसवली. मग दुसरी.

"आई! काय करताय!" मी त्यांचा हात धरला.

"सोड. उसवायला पण हातच लागतो ना? सांग तुझ्या त्या बाईला, व्यायाम चाललाय म्हणावं."

मी हात सोडला. त्या उजव्या हाताने दोरा ओढत होत्या, तो अंगठा आणि बोट यांच्यात घट्ट धरून. लोकरीचा गुंता व्हायला लागला तसं त्यांनी ऑलओकेला समोर उभं केलं, त्याचे दोन्ही हात पुढे पसरायला लावले आणि माझ्याकडून त्यावर लोकर गुंडाळून घेतली. त्याच्या खिशातला फोन वाजत होता, कोणाचं तरी वॉशिंग मशीन पाणी सोडत नव्हतं, पण हात लोकरीत अडकलेले. "वाजू दे," आई म्हणाल्या. "पुढे पाठवतील ते."

झालर गेली. सरळ, सुबक ओळी गेल्या. पिवळा पट्टा गेला. मग टाके वेडेवाकडे व्हायला लागले, कुठे सैल, कुठे करकचून. क्रोशाचं असंच असतं, शेवटचं आधी उसवतं आणि पहिलं शेवटी. खाली हातभर तुकडा उरला तेव्हा आई थांबल्या. त्यांनी तो उचलून उजेडात धरला.

"इतकं वाकडं होतं हे?"

"छे हो आई, चांगलं..."

"गप्प बस. किती खोटं बोलता गं तुम्ही दोघं! सुबक काय, हात काय! त्याने तर रडून दाखवलं. मला काय दिसत नव्हतं? हात गेला होता माझा, डोळे नाही."

मी खाली मान घातली. तसं सहसा होत नाही.

"बोलला असतात तर मी तिथेच टाकलं असतं," आई म्हणाल्या. तुकड्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी दोरा तोडायला लावला आणि टोकाला गाठ मारली. "हे नाही उसवायचं. हे ठेवायचं."

तो तुकडा त्यांनी फ्रीजच्या हँडलला गुंडाळून बांधला. ऑलओकेने परवानगी दिली. हँडल गरम होत नाही. त्यावर आईंनी त्याला हाताला धरून घरभर फिरवलं. "टीव्हीला चालेल?" "ओके नाही आजी." "मिक्सरला?" "वापरताना काढा, मग ओके." "इंटरनेटच्या डबीला?" "अजिबात नाही." शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "म्हणजे जे जे गरम होतं त्याला काही घालायचं नाही. तरी बरं, हिच्यासाठी टोपी विणणार होते मी."

ऑलओके पहिल्यांदा मोठ्याने हसला. मी हसले नाही, म्हणजे दाखवलं नाही. तो जाता जाता दारात घुटमळला आणि म्हणाला, "आजी, माझी पिशवी गरम होत नाही."

फ्रीज आता उघडा उभा असतो, भिंतीपासून हातभर पुढे, थंडगार. दार उघडायला गेलं की त्या हँडलवरच्या भोकांत माझं बोट रोज अडकतं आणि मी रोज चिडते. काढून मात्र टाकत नाही.

पुढच्या आठवड्यात गोड आवाजवालीचा फोन आला. "मॅडम, तुमची तक्रार मिटली का? नेमका काय बिघाड होता, सांगू शकाल का?"

आई खुर्चीत बसून पिशवीचं कव्हर विणत होत्या. तिथूनच ओरडल्या, "सांग तिला, सुनेची चूक होती म्हणावं! गरम भांडी ठेवते म्हणावं, पातेल्यासकट!"

"हो," मी फोनवर म्हणाले. "माझीच चूक होती."

आई इतक्या हसल्या की सुई हातातून सुटली. टणकन आवाज झाला. मी सवयीने फोन कानाला तसाच धरून खुर्चीखाली वाकले. खाली सुई नव्हती. वर बघितलं तर ती आईंच्या उजव्या हातात होती, पुढच्या टाक्यात शिरत होती, आणि आपणच वाकून ती उचलली हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या अजून हसतच होत्या.

"मॅडम? ऐकताय ना?"

"ऐकतेय," मी म्हणाले. "ऑल ओके आहे."